पुढे एक, मागे दोन : आमच्या तीनचाकी टेम्पोची गोष्ट

गावात येणाऱ्या कोणत्याही लहान मालगाडीला आपण टेम्पो म्हणतो. चाके चार असोत की सहा, बनवणारी कंपनी कोणतीही असो. ‘उद्या टोमॅटोला टेम्पो सांगितलाय,’ ‘लग्नाचं सामान टेम्पोत भरा,’ असे दिवसातून दहा वेळा बोलतो. पण हा शब्द आपल्याकडे आला तो एका तीनचाकी गाडीबरोबर. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे ती लगेच उभी राहील. पुढे डुकराच्या तोंडासारखे लांब नाक, त्याखाली एकच चाक, मागे लाकडी हौदा आणि त्याला दोन चाके. काही गावांत तर तिला सरळ ‘डुक्कर’च म्हणत. नाव चांगले नव्हते, पण गाडी गुणाची होती.

अशी एक गाडी आमच्या घरी पंधरा वर्षे नांदली. तिने आम्हांला पैसा दाखवला, हसवले, रस्त्यात रडवले आणि एकदा जन्माची अद्दलही घडवली. ती सारी हकिगत आज सांगायची आहे.

हॅम्बुर्गहून आकुर्डीला

टेम्पो हे जर्मनीतल्या एका कारखान्याचे नाव. हॅम्बुर्ग शहराजवळ विडाल आणि मुलगा अशा नावाची पेढी होती. ती ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी मालगाड्या बनवी. त्यांच्या ‘हॅन्सिएट’ नावाच्या गाडीची परवानगी घेऊन ती आपल्याकडे बनवण्याचा उद्योग नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली सुरू केला. त्यातून बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला, आणि २००५ साली तिचे नाव फोर्स मोटर्स झाले. कंपनीच्या नावातून टेम्पो गेला, पण आपल्या बोलण्यातून काही जाईना!

गाडीला तीनच चाके का, असे लहानपणी पोरे विचारीत. उत्तर सोपे आहे. एक चाक कमी म्हणजे टायर कमी, लोखंड कमी, किंमत कमी. इंजिनही लहान. दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, चारशे सीसीच्या आसपासचे. ते पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसवलेले असे आणि साखळीने तेच चाक फिरवी. म्हणजे बैलांनी गाडी ओढावी तसे पुढचे एकटे चाक सगळा भार ओढी. मागची दोन नुसती सोबतीला.

हा काटकसरीचा विचार परदेशातही होता, आणि तिकडे तर घरच्या मोटारीही तीन चाकांच्या असत. इंग्लंडात टॅमवर्थ गावी १९३५ साली रिलायंट नावाची कंपनी निघाली. तिच्या तीनचाकी मोटारी अनेक वर्षे चालल्या. तिकडे सुमारे चारशे किलोच्या आतल्या तीनचाकीला मोटारसायकलइतकाच कर पडे आणि मोटारसायकलच्या परवान्यावर ती चालवता येई. कष्टकरी कुटुंबांना ती परवडे. १९५६ साली सुएझ कालव्याचा तंटा झाला, इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि असल्या छोट्या गाड्यांना एकदम मागणी आली. त्यांतली इझेटा नावाची गाडी फारच गमतीची. अंड्याच्या आकाराची, दोन चाके पुढे आणि एक मागे, आणि आत शिरायचे दार चक्क पुढच्या बाजूला. इंग्लंडात बनलेल्या तीनचाकी इझेटाला रिव्हर्स गिअर नसे. भिंतीला नाक लावून गाडी उभी केली की दार उघडायचे नाही आणि गाडी मागेही घेता यायची नाही! मग छताचे कापड गुंडाळून वरून बाहेर पडायचे. आपल्याकडेही बंगळूरला १९७० नंतरच्या दशकात ‘बादल’ नावाची तीनचाकी मोटार निघाली होती. तिचे अंग फायबरचे होते. पण आपल्या खेड्यांत तीनचाकी आली ती मोटार म्हणून नव्हे, तर मालगाडी म्हणून. आमच्या घरीही ती अशीच आली.

दोन बैल आणि आईच्या पाटल्या

आमचे गाव पुरंदर तालुक्यात, दिवे घाटाच्या माथ्याकडे. पावसाळा संपता संपता सीताफळ, थंडीत वाटाणा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला अंजीर, ही आमची पिके. अंजीर हे फळ नवसाच्या पोरासारखे. पहाटे कंदिलाच्या उजेडात तोडायचे, चिकाने बोटे सोलून घ्यायची, पाला घालून पाटीत अलगद रचायचे आणि दिवस वर यायच्या आत पुण्याच्या बाजारात पोचवायचे. दुपार झाली की फळ बसले, दुसरा दिवस उजाडला की आंबले.

त्या काळी गावचा माल एका भाड्याच्या ट्रकने जाई. ट्रक भरल्याशिवाय हलत नसे. चार गावांचा माल गोळा करीत तो पोचेपर्यंत लिलाव अर्धा उरकलेला असे. आमच्या अंजिराची पट्टी नेहमी शेवटच्या भावाची. आबा ती पट्टी घडी घालून टोपीत ठेवीत आणि काही बोलत नसत. पण एका मोसमात त्यांनी तीन वेळा ‘अख्ख्या पाट्या टाकून दिल्या’ असे ऐकले आणि घरी येऊन म्हणाले, “माल आपला, घाम आपला, अन् वेळ दुसऱ्याची. हे काय खरं न्हाई.”

१९७६ साली आबांनी एक बैलजोडी विकली, आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या आणि पुण्याहून एक जुनी तीनचाकी घरी आली. मी तेव्हा बाविशीचा. धाकटा भाऊ सोळाचा. आईने चाकाखाली लिंबू ठेवले, नाकाला हळदकुंकू लावले आणि म्हणाली, “बैलांची जागा घेतलीस बाई, आता त्यांच्यासारखी नीट चाल.”

पहिल्याच आठवड्यात आमच्या पाट्या लिलावाच्या सुरुवातीला पोचल्या. त्या दिवशीची पट्टी आबांनी टोपीत ठेवली नाही. घरी येऊन आईच्या हातात दिली. दोन मोसमांत पाटल्या पुन्हा आल्या.

तिच्या सवयी

जुनी गाडी म्हणजे सासुरवाशिणीसारखी नव्हे, सासूसारखी. तिच्या कलाने घ्यावे लागे. थंडीच्या पहाटे ती सहजी सुरू होत नसे. प्लग काढायचा, काजळी खरवडायची, पुसून पुन्हा बसवायचा आणि मग चौघांनी ढकलायचे. एकदा सुरू झाली की फट् फट् फट् आवाजाने आळी जागी होई आणि निळ्या धुराने गोठा भरून जाई. इंजिन पुढ्यातच, त्यामुळे हिवाळ्यात पाय शेकत आणि वैशाखात भाजत. घरच्या मंडळींना मात्र तो आवाज बरा वाटे. रात्री मी घाट चढू लागलो की माथ्यावर आवाज पोचे, आणि मी दारात येईपर्यंत तव्यावर भाकरी पडलेली असे.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच मापाने ऑईल मिसळावे लागते. आतल्या भागांना वंगण मिळते ते त्यातूनच. गावातल्या मिस्त्रींनी आम्हांला हे दहादा बजावले होते. तरी व्हायचे ते झालेच. एका पहाटे घाईत धाकट्याने टाकी भरली आणि ऑईलचा डबा कोनाड्यातच राहिला. घाट उतरून वडकी ओलांडली आणि गाडी खाडकन थांबली. पिस्टन जाम. हौद्यात चाळीस पाट्या अंजीर आणि पूर्वेला तांबडे फुटलेले. धाकटा रडायच्या बेतात. तेवढ्यात मागून कडब्याची बैलगाडी आली. गाडीवानाची आमची ओळख ना पाळख. त्याने आमच्याकडे पाहिले, पाट्यांकडे पाहिले आणि निम्मा कडबा रस्त्याच्या कडेला उतरवून आमच्या पाट्या गाडीत घेतल्या. ज्या बैलांना विकून आम्ही टेम्पो घेतला, त्यांच्याच जातभाईंनी आमचा माल हडपसरच्या नाक्यापर्यंत नेला! त्या दिवशी भाव बेताचाच मिळाला, पण फळ टाकावे लागले नाही. गाडीवानाला पैसे देऊ केले तर म्हणाला, “त्यापरीस एक पाटी द्या, पोरं खातील.”

तेव्हापासून ऑईलचा डबा सुतळीने पेट्रोलच्या कॅनलाच बांधलेला असे.

नाकावर बसलेला भाऊ

जाताना घाट उतरायचा आणि येताना चढायचा. येताना आम्ही पेंडीची आणि खताची पोती आणत असू. पहिल्या पावसाळ्यात काय झाले, घाटाच्या मध्यावर गाडी एकाएकी थांबली. इंजिन ओरडतेय, पुढचे चाक गरागरा फिरतेय आणि गाडी जागची हलत नाही. आम्हांला वाटले साखळी तुटली. पण साखळी शाबूत होती. पोती सगळी फाळक्याला टेकून मागे रचलेली. चढावर भार आणखी मागे गेला, पुढचे ओढणारे चाक हलके झाले आणि ओल्या रस्त्यावर नुसते फिरत राहिले.

मग धाकटा उठला आणि सरळ गाडीच्या नाकावर जाऊन बसला. चाक रुतले, गाडी हलली. घोंगडीची खोळ पांघरून, दोन्ही हातांनी नाक धरून तो माथ्यापर्यंत तसाच आला. वाटेत माणसे थांबून हसत होती. ‘टेम्पोवर गणपती बसवलाय’ ही चेष्टा पुढे वर्षभर चालली. नंतर शहाणपण आले आणि जड पोती हौद्यात पुढच्या बाजूला, केबिनला लागून ठेवू लागलो. भावाला नाकावर बसवण्यात गंमत असली तरी हात सुटता तर चाकाखालीच गेला असता, हे तेव्हा आम्हांला उमगले नव्हते.

दुसरी अडचण गाडीवाटेची. बैलगाडीच्या वाटेला दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा. चारचाकी गाडी चाकोऱ्यांतून जाते. आमच्या तीनचाकीची मागची चाके चाकोरीत आणि पुढचे एकटे चाक नेमके मधल्या उंचवट्यावर, दगडधोंड्यांत! डांबरी रस्त्यावरचा खड्डा चारचाकीवाला दोन चाकांच्या मध्ये घेतो. आम्ही तसे केले की पुढचे चाक थेट खड्ड्यात. सुकाणू हातातून हिसकून घेतल्यासारखे होई.

पण तिने केलेली कामे आठवली की तक्रार विसरायला होते. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते. त्या दिवसांत आम्ही माल बंद ठेवून एका दिंडीचे तंबू, भांडी आणि शिधा वाहत असू. भाडे घेतले नाही कधी. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी घरातून मध्यरात्री कळा सुरू झाल्या. हौद्यात गोधड्या अंथरून, आईला सोबत बसवून, सायकलच्या वेगाने मी सासवडचा दवाखाना गाठला. मुलगी दिवस उजाडताना झाली. ती आजही हसून सांगते, “माझी पहिली गाडी टेम्पोच.”

जेजुरीहून परतताना

आता जे सांगायचे आहे ते सांगताना आजही घसा कोरडा पडतो.

१९८३ च्या वैशाखात धाकट्याचे लग्न झाले. रिवाजाप्रमाणे नवराबायकोला घेऊन सगळे घर जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला गेले. हौद्यात फळ्या टाकून बाके केली होती. आत बायकामाणसे, पोरे, हंडे, वळकट्या मिळून अकरा जण. भंडारा उधळून, तळी भरून परतायला संध्याकाळ झाली. सुकाणू नवरदेवाने मागून घेतले. मी म्हटले, “हळू घे.” तो म्हणाला, “दादा, रोजचा रस्ता हाय.”

गावाच्या अलीकडे एक उतार आहे, आणि उताराच्या पायथ्याशी डावे वळण. अंधार पडलेला. वळणावर समोरून बिनकंदिलाची बैलगाडी आली. धाकट्याने ब्रेक दाबला आणि त्याच वेळी सुकाणू डावीकडे फिरवले. वेग म्हणावा तर फार नव्हता. पण गाडीची मागची बाजू उचलली गेली आणि बसलेली म्हैस कुशीवर लवंडावी तशी ती हळूच उजव्या अंगावर आडवी झाली.

क्षणभर काहीच आवाज नाही. मग सगळे एकदम ओरडू लागले. आम्ही चौघांनी आणि त्या गाडीवानाने मिळून गाडी हातांनी उचलून उभी केली. एकेक माणूस मोजले. दहाच भरले. माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची, सापडेना. कंदील नाही, काडेपेटी भिजलेली. आई वळकट्यांच्या ढिगावर पडल्या पडल्याच म्हणत होती, “हितं हाय, माझ्याखाली हाय, मला आधी हलवू नका.” कलंडताना तिने पोरीला पोटाशी ओढून घेतले होते. पोरीला खरचटलेही नव्हते. आईचा उजवा खांदा मोडला होता.

खांदा जुळला, पण हात डोक्यावर कधी गेला नाही. पुढची वीस वर्षे आईची वेणी माझ्या मुलीनेच घातली.

दोष गाडीचा नव्हता आणि बैलगाडीचाही नव्हता. पूर्वी शाळेत असलेल्या एका गुरुजींनी आबांना तिवई पुढ्यात ठेवून समजावले होते, ते मी ऐकत होतो. तिवई कसल्याही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन पाय नेहमी टेकतात. पण तिच्या दोन पायांमधल्या मोकळ्या कडेवर भार द्या, लगेच उलटते. तीनचाकीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांखाली चाकच नाही. वळताना भार बाहेरच्या बाजूला जातो, ब्रेक लावला की पुढे जातो. दोन्ही एकदम केले की तो नेमका त्या रिकाम्या कोपऱ्यावर येतो. उतार असला आणि भार उंचावर असला तर मग विचारायलाच नको. बाकांवर बसलेली अकरा माणसे म्हणजे उंचावरचा भार, तोही हलता. परदेशातल्या ज्या तीनचाकी मोटारींना पुढे एकच चाक होते, त्यांचीही हीच खोड होती. ज्यांना पुढे दोन आणि मागे एक होते, त्या वळणावर ब्रेक लावताना अधिक निभावून नेत.

दुसऱ्या दिवशी आबांनी बाकाच्या फळ्या काढून चुलीत घातल्या. मग गेरू कालवून हौद्याच्या आतून कमरेइतक्या उंचीवर एक रेघ मारली. म्हणाले, “माल हिच्या वर जाणार न्हाई, अन् माणूस हिच्या आत बसणार न्हाई.” ती रेघ आम्ही दर दिवाळीला पुन्हा ओढत गेलो. त्या रेघेपायी कितीदा पाच-दहा पाट्या घरी ठेवाव्या लागल्या, भाडे सोडावे लागले. पण गाडी पुन्हा कधी कलंडली नाही.

आज काय?

१९९१ साली ती मोडीत गेली. गाडी नेली त्या दिवशी धाकटा शेतातून आलाच नाही. हौद्याची रेघ असलेली फळी तेवढी आम्ही काढून ठेवली. ती आज गोठ्यात आहे. हुडाच्या कमानींवर दोडक्याचा वेल चढतो.

आता घरोघरी चारचाकी आल्या. पण पुढे एक चाक असलेल्या मालवाहू गाड्या काही संपल्या नाहीत. डिझेलवरच्या आहेत, गॅसवरच्या आहेत, आता बॅटरीवरच्याही आल्या. त्यांचे इंजिन मागची चाके फिरवते, त्यामुळे भावाला नाकावर बसायची वेळ येत नाही. तिवईचा नियम मात्र त्यांनाही तोच. म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांना आमच्या अनुभवातले चार शब्द सांगतो :

१) जड माल तळाला, हलका वर. ढीग हुडाला टेकवू नका. हौद्याला तुमचीही एक रेघ मारून ठेवा.

२) वेग वळणाच्या आधी कमी करा. वळता वळता ब्रेक दाबू नका, उतारावर तर मुळीच नको.

३) भार एका अंगाला नको. वाटेत निम्मा माल उतरवला तर उरलेला मध्ये सारून घ्या आणि बांधा.

४) मालाच्या गाडीत माणसे बसवू नका. कायद्याने तर ते बंद आहेच. पण लग्न, जत्रा, मजुरांची ने-आण अशा वेळी ‘एवढ्याशा वाटेला काय होतंय’ असे आपणच म्हणतो. आमचीही वाट एवढीशीच राहिली होती.

धाकटा आता साठी ओलांडून गेला आहे. त्याचा मुलगा परवा सीताफळे घेऊन पुण्याला निघाला. चारचाकी गाडी, नवी कोरी. धाकट्याने चाकाखाली लिंबू ठेवले, मग हौद्यात डोकावला, पाट्यांची उंची हाताने मोजली आणि वरच्या सहा पाट्या उतरवून ओसरीवर ठेवल्या. पोरगा कुरकुरला, “काका, सांगा की ह्यांना काहीतरी.”

मी काही बोललो नाही. त्यातली एक पाटी उचलून आत नेऊन ठेवली.